डाउनलोड अडलंय, पण कुठे?

"डाउनलोड होत नाहीये" हे वाक्य मी दिवसभर ऐकते. देवगड तालुक्यात समुद्राच्या अंगाला एका गावात माझं झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, समोर एसटीचा थांबा, मागे कलमांची बाग, आणि गिऱ्हाईक म्हणजे सगळा गाव. कोणाला पीक कर्जासाठी सातबारा हवा असतो, कोणाला मुलीचं हॉल तिकीट, कोणाला मुंबईच्या भावाने स्कॅन करून पाठवलेले जमिनीचे जुने कागद. आणि हे वाक्य बोलताना बहुतेकांच्या चेहऱ्यावर एक ओशाळलेपण असतं, ते मला बघवत नाही. "माझाच कायतरी चुकला आसतला गो" असं म्हणत काकी मोबाइल पुढे करतात. काकी, तुमचं काही चुकलेलं नसतं बहुतेक वेळा. फाइल कुठेतरी अडलेली असते आणि ती कुठे अडली ते शोधता येतं, त्यासाठी कंप्युटरचं शिक्षण वगैरे लागत नाही, थोडं थांबून बघायला लागतं एवढंच.

सगळ्यात आधी मी हे बघते की फाइल खरंच आली नाहीये का. ऐकायला विचित्र वाटेल पण फोनवर हे सारखं होतं, बटण दाबलं, वरच्या पट्टीत बारीकशी खूण आली आणि गेली, स्क्रीनवर काहीच उघडलं नाही, म्हणून परत दाबलं, मग परत. फोनमधला डाउनलोडचा फोल्डर उघडला की एकाखाली एक रांग लागलेली असते, नाव तेच आणि पुढे कंसात १, कंसात २, कंसात ३, कधीकधी पार ७ पर्यंत. म्हणजे फाइल पहिल्या वेळीच आलेली, फक्त ती कुठे ठेवली ते फोनने धड सांगितलं नाही. अँड्रॉइडवर बहुतेक फोनमध्ये 'फाइल्स' नावाचं ॲप असतं, आयफोनवरही त्याच नावाचं आहे, त्यात डाउनलोड्स बघायचं. कंप्युटरवर कंट्रोल धरून जे दाबलं की आत्तापर्यंत काय काय उतरवलं त्याची यादी उघडते. ही यादी फार कामाची आहे, आणि जे डाउनलोड खरंच अडलंय त्याच्याखाली एक छोटी ओळ असते ती तर अजूनच, पण ती ओळ कोणी वाचत नाही कारण ती इंग्रजीत असते आणि आपण समजून चालतो की इंग्रजीत लाल अक्षरात आलं म्हणजे आपल्याला ओरडतायत.

ओरडत नसतात हो. 'नेटवर्क एरर' लिहिलं असेल तर वाटेत तुटलं. 'फॉरबिडन' असेल तर पलीकडचा सर्व्हर, म्हणजे ज्या कंप्युटरवर फाइल ठेवलेली असते तो, म्हणतोय की फाइल आहे पण तुला देता येत नाही, बहुधा लिंकची मुदत संपलीये नाहीतर लॉगिन गेलंय. 'नो फाइल' असेल तर त्या जागेवर फाइलच नाही, कोणीतरी काढली किंवा हलवली, मग तुम्ही रात्रभर बटण दाबलंत तरी येणार नाही, ज्याने लिंक दिली त्याला फोन करायचा. 'डिस्क फुल' म्हणजे जागा नाही, आणि ते फोनमध्ये असेल तर आधी व्हॉट्सॲपवर आलेले गुड मॉर्निंगचे फोटो आणि व्हिडिओ साफ करायचे, तिथेच बरीच जागा निघते. या चारही गोष्टींना करायचं वेगवेगळं आहे, आणि आपण चारही वेळा एकच करतो, परत दाबतो.

आमच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त दिसतं ते नेटवर्क एररच. त्याला कारण आमची जमीनसुद्धा आहे. वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली उताराला माडापोफळीत घरं, टॉवर सड्यावर, त्यामुळे एका वाडीत फुल रेंज आणि वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीत एकही कांडी नाही असं असतं. घरात केबलवाल्याचा फायबर असला तरी घर चिऱ्याचं, जांभ्याच्या जाडजूड भिंती, राउटर बसवलेला पडवीत आणि माणूस बसलेला माजघरात. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय असल्या भिंतीतून फारसा आत जात नाही, २.४ चा त्यातल्या त्यात बरा जातो, स्पीड कमी असला तरी टिकतो. मग फोन काय करतो, वायफाय मंदावला की आपणहून मोबाइल डेटावर जातो, तुम्ही पडवीत आलात की पुन्हा वायफायवर. तुम्हाला ते कळतही नाही. पण त्या प्रत्येक वेळी इंटरनेटवरचा तुमचा पत्ता बदलतो, आणि चालू डाउनलोड म्हणजे दोन पत्त्यांमधलं जोडलेलं कनेक्शन, त्यातला एक पत्ता बदलला की बहुतेक वेळा ते तुटतंच. म्हणून मोठी फाइल उतरवायची असेल तर राउटरजवळ बसायचं, मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद करायचा, आणि फोन खिशात टाकून खळ्यात, म्हणजे अंगणात, फेऱ्या मारायच्या नाहीत. स्क्रीन बंद झाल्यावर बॅटरी वाचवायला मागचं काम थांबवणारे फोनही आहेत, तसला फोन असेल तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्राउझरला, म्हणजे क्रोमसारख्या ज्या ॲपमधून आपण साइट उघडतो त्याला, त्यातून सूट द्यायची.

पावसाचं वेगळंच. जूनमध्ये वारा सुटला की माडाचं एखादं झाप तारेवर पडतं, लाइट जाते, लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मुका होतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं तेव्हा आमच्याकडे झाडं आणि खांब पडून लाइट कितीतरी दिवस नव्हती, तेव्हा डाउनलोडचं सोडाच, मुंबईतल्या माणसांना आम्ही बरे आहोत एवढं सांगायचीही पंचाईत होती. आणि चतुर्थीत चाकरमानी आले की टॉवर तोच, माणसं कितीतरी पट, संध्याकाळी आरतीच्या वेळेला तर व्हिडिओ पाठवायला सगळेच बसलेले असतात. त्या दिवसांत मी सगळ्यांना सांगते की पहाटे या, पाच-साडेपाचला गाव झोपलेला असतो तेव्हा तीच फाइल भराभर उतरते.

तुटलं तर तुटलं, पुढे काय हा खरा प्रश्न आहे. आणि इथे मला मनापासून वाटतं की ही एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. ब्राउझरने अर्धी आणलेली फाइल बऱ्याचदा तो लगेच फेकून देत नाही, बाजूला ठेवतो, क्रोममध्ये तिच्या नावाच्या शेवटी सीआरडाउनलोड असं शेपूट असतं, फायरफॉक्समध्ये पार्ट असं असतं. यादीत त्या अडलेल्या डाउनलोडसमोर 'रिझ्युम' असं दिसत असेल तर ते दाबायचं. मग ब्राउझर सर्व्हरला सांगतो की माझ्याकडे पहिले इतके बाइट आलेले आहेत, त्याच्या पुढचं पाठव. सर्व्हरला ते करता येत असेल तर तो २०६ हा आकडा लावून फक्त उरलेला भाग पाठवतो. करता येत नसेल तर २०० लावून पहिल्यापासून सगळं परत. शिवाय मधल्या काळात तिकडची फाइल कोणी बदलली तर जुना अर्धा आणि नवा अर्धा जोडून भलतंच काहीतरी होईल, म्हणून सर्व्हर फाइलसोबत ईटॅग नावाची एक खूण देऊ शकतो, आणि ब्राउझर ती खूण दाखवून विचारतो की फाइल अजून तीच आहे ना. किती विचार केलाय बघा कोणीतरी. आणि हे नवीन नाहीये, ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्यांना एचटीटीपी म्हणतात, जानेवारी १९९७ मध्ये त्यातले १.१ चे नियम आले त्यातच ही अर्ध्यापासून पुढे मागायची सोय लिहिलेली आहे. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला, म्हणजे त्याच्याही आधी.

तरीपण लोकांची फाइल पहिल्यापासून सुरू होते, त्याची दोन कारणं मी सारखी बघते. एक म्हणजे रिझ्युम न दाबता पानावरची मूळ लिंकच परत दाबतात, ब्राउझरला वाटतं ही नवीनच मागणी आहे. दुसरं कारण आपल्या हातात नसतं, अनेक साइटवर फाइल आधीपासून तयार नसते, तुम्ही बटण दाबलं की त्या क्षणी बनवून देतात, दाखला, पावती, उतारा, असलं सगळं. ती किती मोठी होणार हे सर्व्हरलाच आधी माहीत नसतं, म्हणून ब्राउझर किती टक्के झालं ते दाखवू शकत नाही, नुसते एमबी वाढत जातात. अशी फाइल मधेच तुटली की बहुतेक वेळा पहिल्यापासूनच. लहान असते म्हणून चालून जातं. पण मोठ्या फाइलला हे होतं तेव्हा जीव तुटतो, कारण आमच्याकडे बरेचजण रोजचा दीड जीबी असल्या पॅकवर असतात. दीडशे एमबी येऊन तुटले तर ते दीडशे एमबी पॅकमधून गेले ते गेलेच. आणि रोजचा डेटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला ८ केबी, त्या हिशोबाने २० एमबीची फाइल यायला चाळीस मिनिटांच्या वर जातात, तेही एकदाही न तुटता. शहरात बसून साइट बनवणाऱ्या माणसाला हा हिशोब कधी करावा लागत नाही.

आता एक गोष्ट जी मला पहिल्यांदा कळली तेव्हा खूप आवडली होती. लोक विचारतात की अहो पंच्याण्णव टक्के आली होती की, मग उघडत कशी नाही, निदान पंच्याण्णव टक्के तरी दिसू दे. फोटोच्या बाबतीत तसं होतंही. जेपेग फोटो अर्धा आला तर बऱ्याचदा वरचा अर्धा दिसतो आणि खाली करडा पट्टा. पण पीडीएफचं तसं नाही. पीडीएफमध्ये कुठलं पान, कुठला फॉन्ट, कुठलं चित्र फाइलमध्ये नेमकं कुठे आहे याची यादी साधारणपणे शेवटी असते, अनुक्रमणिका शेवटच्या पानावर छापलेल्या पुस्तकासारखं. तुमची अडलेली ती पाच टक्के म्हणजे नेमकी तीच यादी. झिपचंही तसंच, आत कोणकोणत्या फाइली आहेत त्याची यादी शेवटी. मोबाइलवर घेतलेल्या एमपी४ व्हिडिओतही ती माहिती बरेचदा शेवटी लिहिली जाते. म्हणून पंच्याण्णव टक्के आलेला नाटकाचा व्हिडिओ एक सेकंदही चालत नाही. सीआरडाउनलोडचं शेपूट काढून तिथे पीडीएफ लिहिलं की फाइल उघडेल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, नाव बदलून आत नसलेली यादी येत नाही, उलट ब्राउझरला ती अर्धी फाइल सापडेनाशी होते आणि रिझ्युमही हातचं जातं.

याच्या अगदी उलटा प्रकार म्हणजे डाउनलोड पूर्ण झालं असं ब्राउझर म्हणतो आणि फाइल उघडतच नाही. बारावीतली एक मुलगी आली होती संध्याकाळची, दुसऱ्या दिवशी प्रवेश परीक्षा, सेंटर लांब, पहाटेच्या एसटीने निघायचं, आणि हॉल तिकीट उघडलं की 'फाइल डॅमेज्ड आहे' असं यायचं. घरी फोनवर तसंच, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तसंच. बरोबर आई होती, ती नुसती पदराने चेहरा पुसत उभी. मी फाइलची साइज बघितली तर ४ केबी. ज्या हॉल तिकिटावर फोटो आहे, सही आहे, सूचनांचं अख्खं पान आहे ते ४ केबीत मावणारच नाही. मग ती फाइल मी नोटपॅडमध्ये उघडली. खरी पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडली तर सगळं गिचमिड दिसतं पण अगदी सुरुवातीला टक्क्याची खूण आणि लगेच पीडीएफ ही अक्षरं असतात, मग आवृत्तीचा आकडा. इथे सुरुवातीलाच एचटीएमएल, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात ती, आणि खाली स्क्रोल केल्यावर इंग्रजीत एक साधं वाक्य, तुमचं सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा. म्हणजे साइटने तिला हॉल तिकीट दिलंच नव्हतं, लॉगिनला परत जा असं सांगणारं पान दिलेलं, आणि ते पान पीडीएफच्या नावाने सेव्ह होत होतं. मुलीने ते वाक्य वाचलं आणि म्हणाली, "मग हे आधी का नाही सांगितलं?" बरोबर आहे तिचं, मला पण तेच विचारायचंय.

तिला सगळे टॅब बंद करायला लावले, नवीन लॉगिन, ओटीपी तिच्या आईच्या फोनवर, तो येईपर्यंत मी पानाला हात लावू दिला नाही, मागे जायचं बटण अजिबात दाबायचं नाही, आणि आत गेल्यागेल्या थेट हॉल तिकीट. आलं. साइज साडेतीनशे केबी. दोन प्रिंट काढून दिल्या, एक आईकडे ठेवायला. तेव्हापासून मी कोणालाही सांगते की 'पूर्ण झालं' वाचलं तरी साइज बघा. वेगळा डाउनलोड मॅनेजर वापरला तरी हाच प्रकार होतो बरं का, कारण लॉगिनची आठवण ब्राउझरकडे असते, त्या दुसऱ्या प्रोग्रामकडे ती पोचली नाही तर सर्व्हर त्याला अनोळखी समजून तेच लॉगिनचं पान देतो. आणि अशा वैयक्तिक फाइली दुकानाच्या कंप्युटरवर उतरवल्या की काम झाल्यावर मी गिऱ्हाइकासमोरच डिलीट करते, रिसायकल बिनमधूनही, आणि लॉगआउट. तुम्ही कुठल्याही दुकानात गेलात तरी हे करून मागा, तो तुमचा हक्क आहे.

दमट हवेत जुने डेस्कटॉप असले की आणखी एक गोष्ट होते. चार दिवस लाइट नव्हती, आली, कंप्युटर सुरू केला, नेट चालू आहे पण एकही साइट धड उघडत नाही, सगळीकडे कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून इशारा, डाउनलोडचा तर प्रश्नच नाही. लोक नेटवाल्याला फोन करतात. आधी उजव्या कोपऱ्यात खाली तारीख बघा. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक बटन सेल असतो, बहुधा सीआर २०३२, लाइट नसताना घड्याळ तोच चालवतो, तो संपलेला असेल तर तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षावर जाऊन बसते. आणि सुरक्षित साइटकडे ती खरी असल्याचं एक सर्टिफिकेट असतं, त्याला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, तुमचा कंप्युटर अजून कितीतरी वर्षं मागे असेल तर त्याला ते सर्टिफिकेट चालू झालेलंच दिसत नाही. तारीख नीट केली की सगळं सुरळीत, आणि सेल बदलला की कायमचं. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो.

मराठी नावांचं दुखणं वेगळंच, आणि यावर फार कोणी बोलत नाही. फाइलचं नाव देवनागरीत असलं आणि पाठवणाऱ्या साइटने ते नीट सांगितलं नाही की उतरलेल्या फाइलच्या नावात टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार अशी लांबच लांब माळ दिसते, लोकांना वाटतं व्हायरस आला. व्हायरस नाही, आपलीच अक्षरं आहेत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कंप्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो त्यात, तीन बाइटचं होतं आणि तेच तीन बाइट तिथे आकड्यांत मांडलेले असतात. नाव बदलून टाका, फाइल उघडते. आणि तीन बाइटमुळेच आणखी एक होतं, अँड्रॉइड आणि लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते, इंग्रजी नावाला ती भरपूर झाली, पण आपल्याला त्यात ८५ चिन्हंच मिळतात, काना, मात्रा, वेलांट्या सगळं धरून. 'ग्रामदैवताच्या जीर्णोद्धार समितीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त' असलं नाव आणि पुढे तारीख आणि गावाचं नाव लावलं की गेलंच. सेव्ह करताना एरर आली आणि नाव लांबलचक मराठी असेल तर 'सेव्ह ॲज' करून छोटं नाव द्या. आणि सातबारा आपण जसा ७/१२ लिहितो तसा तर फाइलच्या नावात लिहिताच येत नाही, ती मधली तिरकी रेघ फाइलच्या नावात चालतच नाही, म्हणून ७-१२ लिहायचं.

आता पेन ड्राइव्हची एक गोष्ट. आमच्या जत्रेतलं दशावतारी नाटक एका भाच्याने अख्खं रेकॉर्ड केलं होतं, अगदी सुरुवातीच्या आडदशावतारातल्या संकासुरापासून पहाटेपर्यंत, आणि मुंबईला जाऊन गूगल ड्राइव्हवर टाकलं. इथे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना टीव्हीवर बघायचं होतं म्हणून एका मुलाने ते थेट पेन ड्राइव्हवर डाउनलोड करायला लावलं. दर वेळी बराच वेळ चालायचं आणि ४ जीबीच्या आसपास येऊन फेल. नेट बदललं, ब्राउझर बदलला, तरी तिथेच. दर वेळी एकाच आकड्यावर अडतंय म्हणजे नेटचा दोष नाही, नेट असं ठरवून एका जागी तुटत नाही. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या एका जुन्या पद्धतीत, फॉरमॅट केलेला होता, आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही, पेन ड्राइव्हवर कितीही जागा रिकामी असो. कंप्युटरच्या डिस्कवर उतरवलं, पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं दुसरीकडे काढून घेतलं, तो एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट केला, मग कॉपी केलं. टीव्ही जुना असेल तर एक्सफॅट त्याला वाचता येईलच असं नाही, तेव्हा नाटकाचे दोन-तीन तुकडे करून देणं जास्त बरं.

काही डाउनलोड ब्राउझर मुद्दाम अडवतो, तिथे मात्र घाई करू नका असं हात जोडून सांगते. क्रोमने २०२० पासून टप्प्याटप्प्याने असं केलंय की पान सुरक्षित असेल पण फाइलची लिंक जुन्या साध्या एचटीटीपीची असेल तर तो फाइल अडवतो, कारण वाटेत कोणी त्यात काही मिसळलं तर तुम्हाला कळणार नाही. तिथे आधी पत्त्यातल्या एचटीटीपीपुढे एस लावून बघा, बऱ्याच वेळा तीच फाइल सुरक्षित रस्त्यानेही मिळते. पण व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा गाडीचं चलान म्हणून फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असेल, आणि फोन म्हणत असेल की ही फाइल धोकादायक असू शकते, तर फोनचं ऐका. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ, एपीके म्हणजे ॲप, ते एकदा आत बसलं आणि त्याने मागितलेल्या परवानग्या दिल्या की तुमचे मेसेज वाचतं, ओटीपी वाचतं, बँकेतले पैसे जातात. आमच्याकडे एका काकांनी तसली फाइल मला दाखवायला आणली, म्हणाले, "उघडणा नाय गो ही, जरा बघ." बरं झालं उघडली नाही. त्यांना दिलासा वाटायच्या ऐवजी पाहुण्यांची पत्रिका बघायची राहिली म्हणून वाईट वाटत होतं, मग आम्ही त्या पाहुण्यांना फोन लावला, लग्नबिग्न काही नव्हतं, त्यांचंच व्हॉट्सॲप कोणीतरी ताब्यात घेतलेलं. अँटीव्हायरस बंद करून डाउनलोड करा असं जिथे लिहिलेलं असेल ते पान तर सरळ बंद करायचं. आणि मोठ्ठं हिरवं डाउनलोडचं बटण दिसलं की त्यावर बोट ठेवायच्या आधी पान पूर्ण खाली बघा, खरी लिंक बऱ्याचदा बारीक अक्षरात असते आणि हिरवं बटण जाहिरातीचं.

मुंबई-पुण्याच्या आमच्या माणसांना माझी विनंती आहे, गावाला कागद पाठवताना प्रत्येक पान वीस एमबीचं स्कॅन करू नका, साध्या कागदाला २०० डीपीआय, म्हणजे इंचाला २०० ठिपके, पुरतं, आणि शंभर कागदांची एकच झिप करण्यापेक्षा दहा-दहाचे गठ्ठे करा, एक तुटला तर नऊ तरी हातात राहतात. लिंक चोवीस तासांत संपणारी असेल तर आधी फोन करून विचारा की लाइट आहे का. आणि ज्यांच्या हातात साइट बनवण्याचं काम आहे त्यांनी तयार करून दिलेली फाइल निदान थोडे तास जपून ठेवा म्हणजे रिझ्युमला काहीतरी मिळेल, सेशन संपलं तर ते पीडीएफच्या नावाने पाठवू नका, स्क्रीनवर मराठीत सांगा, आणि लिंकच्या बाजूला फाइल किती एमबीची आहे तेवढं तरी लिहा, मग ती आत्ता उतरवायची की पहाटे, ते आमच्याकडची माणसं ठरवतील.